आवारातली सायकल

मधले अंतर

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडीतील आवार ४११ एकरांचे, म्हणजे सुमारे १.६६ चौरस किलोमीटरचे आहे. एवढी जमीन नेमक्या चौरसात बसवली तर त्याची बाजू सुमारे १.३ किलोमीटर आणि कर्ण सुमारे १.८ किलोमीटर भरेल. प्रत्यक्षात आवाराच्या कडा वेड्यावाकड्या आणि रस्ते वळणांचे आहेत. त्यामुळे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचे तर दोनेक किलोमीटरचा पल्ला धरावा लागतो. शहरांतल्या मोठ्या विद्यापीठांमध्ये रोजची ये-जा बहुधा याच मापाची असते. वसतिगृहातून वर्गात, वर्गातून ग्रंथालयात, तिथून कॅन्टीनला आणि परत, असे अर्ध्या ते दोन किलोमीटरचे तुकडे दिवसभरात अनेकदा कापले जातात.

हे अंतर पायी जायला जरा लांब आणि गाडी काढायला फारच थोडे. चालण्याचा वेग ताशी पाच किलोमीटर धरला तर दीड किलोमीटरला १८ मिनिटे लागतात. दोन तासिकांमध्ये दहा मिनिटांची सवड असेल तर ती वाटेतच संपते. सायकल रमतगमत, ताशी बारा किलोमीटरने चालवली तरी तेवढ्याच अंतराला साडेसात मिनिटे पुरतात. कुलूप काढण्याची आणि लावण्याची दोन मिनिटे मिळवली तरी हिशेब दहाच्या आत राहतो. मोटारसायकल ताशी तीसने गेली तर तीन मिनिटांत पोहोचेल, पण हेल्मेट, वाहनतळ आणि वाहनतळापासूनची चाल धरता तिची बचत चार-पाच मिनिटांवर येते. जेमतेम तीनशे मीटर जायचे असेल तेव्हा मात्र कुलपाच्या खटाटोपातच सायकलचा फायदा संपतो आणि पायी जाणेच बरे ठरते.

श्रमाच्या बाबतीत सायकलची बाजू आणखी भक्कम आहे. सपाट रस्त्यावर ठरावीक अंतर चालायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण एक-पंचमांश ऊर्जेत तेच अंतर सायकलने जाता येते. चालताना प्रत्येक पावलाला शरीर किंचित वर उचलावे लागते आणि पुढे पडणारे पाऊल वेग थोडा तोडते. सायकलवर वजन बैठकीवर टेकलेले असते आणि एकदा आलेला वेग चाके बराच वेळ टिकवून धरतात.

आवार कसे घडले

विद्यापीठांची आवारे एवढी पसरलेली का असतात, याचे उत्तर त्यांच्या जमिनीच्या इतिहासात सापडते. गणेशखिंडीतील मुख्य इमारत ही मुळात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि १८७१ मध्ये पूर्ण झाले. भोवतीची विस्तीर्ण बाग आणि मोकळी जमीन घोडागाडीच्या जमान्यातली होती. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि डॉ. मुकुंद रामराव जयकर पहिले कुलगुरू झाले, तेव्हा ही सारी मालमत्ता विद्यापीठाकडे आली. पुढे एकेक विभाग, वसतिगृह आणि सभागृह जागा मिळेल तसे उभे राहिले. जयकरांच्या नावाचे ग्रंथालय एकीकडे, विज्ञान विभाग दुसरीकडे, अशी मांडणी होत गेली. आयुका, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, सी-डॅक या स्वतंत्र संस्थांनीही याच परिसरात घर केले.

असे आवार एका दमात आखलेले नसते. त्यात मुख्य रस्ता, आडरस्ते, झाडांतून गेलेल्या पायवाटा आणि इमारतींमागच्या बोळी यांचे जाळे तयार होते. मोटारीला यातले मोजकेच रस्ते खुले असतात. पादचाऱ्याला सगळे खुले असतात, पण वेळ जातो. सायकलस्वाराला यातले बहुतेक मार्ग वापरता येतात आणि दमछाक होण्याआधी तो पोहोचलेलाही असतो. म्हणून आवारातल्या सायकलप्रवासाची पहिली पायरी म्हणजे नकाशा डोक्यात तयार करणे. सर्वांत जवळचा रस्ता सर्वांत सोयीचा असेलच असे नाही. मुख्य रस्त्याला समांतर गेलेली, गाड्या नसलेली, सावलीची वाट शंभर मीटर लांब पडली तरी तिला अर्धा मिनिटच जास्त लागते.

चढ, उतार आणि गिअर

टेकड्यांच्या कुशीत वसलेले आवार टेबलासारखे सपाट नसते, आणि चालताना न जाणवणारा चढ सायकलवर लगेच मांड्यांना कळतो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी दहा किलोमीटरने जायला सुमारे २५ वॉट शक्ती पुरते. चार टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना चार मीटर वर जाणे. या चढावर तोच वेग राखायचा तर वजन उचलण्यासाठीच आणखी ८७ वॉट लागतात, म्हणजे एकूण मागणी चौपटीच्या वर जाते. धडधाकट तरुणाला ती झेपते, पण तो घामाने निथळत वर्गात शिरतो. वेग निम्मा केला की मागणीही निम्म्याच्या आसपास येते. चढावर हळू जाण्याचे शहाणपण यातच आहे: वेळ एखाद्या मिनिटाचा जातो आणि शर्ट कोरडा राहतो.

गिअरचा उपयोगही इथेच कळतो. साध्या, बिनगिअरच्या २८ इंची सायकलचे पायडल एकदा पूर्ण फिरवले की ती साधारण साडेपाच मीटर पुढे सरकते. ताशी दहा किलोमीटरला मिनिटाला जेमतेम तीस फेऱ्या पडतात. सपाटीवर हे आरामाचे असते, पण चढावर प्रत्येक फेरीला पायांवर मोठा जोर येतो आणि स्वार बैठकीवरून उठून पायडल मारू लागतो. गिअरच्या सायकलमध्ये पुढचे दातेरी चक्र लहान आणि मागचे मोठे निवडता येते. दोन्हींचे दाते सारखे झाले की एका फेरीत चाकाचीही एकच फेरी होते आणि सायकल दोन मीटरभर सरकते. एकूण काम तेवढेच राहते, पण ते बारीक तुकड्यांत वाटले जाते. गिअर चढ सुरू होण्याआधी बदलावा; जोर लावलेला असताना बदलला तर चेन कुरकुरते आणि कधी उतरतेही.

उताराची अडचण उलट असते. पायडल न मारता सायकल ताशी पंचवीसचा वेग सहज घेते. ताशी १५ किलोमीटरला, धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर थांबायला साडेसहा मीटरच्या आसपास जागा लागते. ताशी २५ ला तीच तेरा मीटरवर जाते. आवारातल्या उतारावर विद्यार्थ्यांचा घोळका बहुधा वळणापलीकडे उभा असतो, त्यामुळे वळणाआधीच वेग कमी केलेला बरा.

कोणती सायकल

दोनेक किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी महागडी सायकल लागत नाही. दणकट, सरळ बसता येईल अशी, मडगार्ड, चेनकव्हर आणि कॅरिअर असलेली सायकल सर्वांत कामाची. सरळ बसल्याने नजर वर राहते आणि मागे वळून पाहणे सोपे जाते. चेनकव्हर नसेल तर पँटचा पायचा चेनमध्ये सापडतो. साडी, सलवार किंवा ओढणी असेल तर चेनकव्हरच्या जोडीला मागच्या चाकावर जाळीही हवी. दप्तर पाठीवर घेण्यापेक्षा कॅरिअरला बांधले किंवा पुढच्या बास्केटमध्ये ठेवले तर पाठ भिजत नाही आणि तोलही खाली राहतो. बास्केटमध्ये फार वजन टाकले की मात्र हँडल वळवताना ओढ जाणवते.

हल्ली दुकानांत जाड, खाचदार टायरच्या सायकलींची चलती असते. खडबडीत पायवाटांवर हे टायर पकड देतात, पण डांबरावर घरघरत जास्त जोर खातात. शिवाय अशा अनेक सायकलींना मडगार्ड नसते, आणि जून ते सप्टेंबर भिजणाऱ्या पुण्यात त्याचा परिणाम चिखलाच्या पट्ट्याच्या रूपाने पाठीवर उमटतो. उंची जुळवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला असता गुडघा जवळपास सरळ होईल इतकी बैठक वर घ्यावी. खाली ठेवलेल्या बैठकीमुळे गुडघे दुखतात आणि दोष सायकलच्या वाट्याला येतो.

देखभालही थोडकीच आहे. दोन आठवड्यांतून एकदा हवा भरणे, पावसाळ्यात चेन पुसून तेल देणे, ब्रेकचे रबर झिजले की बदलणे आणि चाक हेलकावे घेऊ लागले की मेकॅनिककडून त्याचा आऊट काढून घेणे एवढ्यावर सायकल वर्षानुवर्षे चालते. हवा कमी असलेल्या टायरमुळे सायकल जड चालतेच, शिवाय खड्ड्यात ट्यूब रिम आणि दगडाच्या बेचक्यात सापडून पंक्चर होते.

वाटेवरचे नियम

मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने पायडलची सायकल हे मोटार वाहन नाही. तिला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. रस्त्याचे नियम मात्र तिलाही आहेत: डाव्या बाजूने चालणे, एकेरी मार्गाचा मान राखणे, वळण्याआधी हात दाखवणे. आवारातल्या रस्त्यांवर वाहतूक पोलीस नसतो, म्हणून हे नियम सैल होतात, आणि बरेचसे अपघात या सैलपणातून घडतात. उलट्या बाजूने येणारी सायकल चौकात वळणाऱ्या चालकाला दिसत नाही, कारण तो त्या बाजूला पाहतच नसतो.

स्वाराच्या रुंदीला साधारण साठ सेंटीमीटर लागतात. तोल सावरताना होणारी डावी-उजवी हालचाल धरली तर मीटरभर जागा हवी. दोघे शेजारी शेजारी गप्पा मारत गेले की दोन मीटर व्यापले जातात आणि मागून येणाऱ्याला वाट राहत नाही. डावीकडे थांबलेल्या मोटारींच्या रांगेला अगदी चिकटून जाणेही धोक्याचे. एखादे दार अचानक उघडले तर वळायला जागा उरत नाही, म्हणून तिथे मीटरभर अंतर ठेवून सरळ रेषेत जावे. गतिरोधकावर बैठकीवरून किंचित उठून गुडघे सैल सोडले की धक्का पायांत जिरतो.

आवाराची स्वतःची वेळापत्रके असतात. पहाटे फिरायला येणारे नागरिक रस्ताभर पसरून चालतात. तासिका सुटताना विभागांच्या दारांतून लोंढे बाहेर पडतात. संध्याकाळी कॅन्टीनभोवती दुचाकी आडव्यातिडव्या लागतात. पादचाऱ्यांच्या मागून येताना लांबूनच एकदा घंटी वाजवणे पुरते. अगदी जवळ येऊन वाजवली तर माणूस दचकून नेमका सायकलसमोर येतो. रात्री झाडांखालच्या रस्त्यांवर दिव्यांचा उजेड तुटक पडतो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असेल तर स्वाराला रस्ता दिसतो आणि स्वार इतरांना दिसतो. यातला दुसरा उपयोग जास्त मोलाचा. भुंकत मागे लागलेल्या कुत्र्यापुढे वेग वाढवला की पाठलाग लांबतो. उतरून सायकल मधे धरून चालू लागले की बहुतेक कुत्री थांबतात.

पावसात तीन गोष्टी बदलतात. ओल्या रिमवर ब्रेकचे रबर घसरते आणि थांबायचे अंतर बरेच वाढते, स्टीलच्या रिमवर तर फारच. ब्रेक आधीपासून हलके दाबत राहिले की रिम पुसली जाते आणि मग पकड येते. दुसरे, रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणे आणि कुजलेली पाने निसरडी होतात. त्यांच्यावरून वळू नये, सरळ जावे. तिसरे, डबक्याखालचा खड्डा दिसत नाही. छत्री एका हातात धरून चालवणे म्हणजे अर्धे ब्रेक सोडून देणे. रेनकोट हाच उपाय.

लावायची कुठे

आवारात सायकल टिकेल की नाही हे रस्त्यापेक्षा स्टँडवर जास्त अवलंबून असते. एका मोटारीच्या जागेत आठ ते दहा सायकली मावतात, तरीही अनेक विभागांसमोर मोटारींना आखीव जागा असते आणि सायकली कुंपणाला टेकलेल्या दिसतात. चांगला स्टँड दारापासून दिसेल इतका जवळ, छप्पर असलेला आणि उजेडातला असतो. फक्त पुढचे चाक पकडणाऱ्या लोखंडी खाचा स्वस्त पडतात, पण शेजारची सायकल कलंडली की चाक वाकते. जमिनीत पुरलेली, उलट्या यू आकाराची नळी चांगली. तिला सायकलची चौकट टेकते आणि चौकटीलाच कुलूप लावता येते.

मागच्या चाकावर कायम बसवलेले कुलूप चाक फिरू देत नाही, पण सायकल उचलून नेणाऱ्याला ते अडवू शकत नाही. म्हणून साखळी चौकटीतून आणि चाकातून ओवून नळीला किंवा खांबाला अडकवावी. पुढचे चाक झटपट सुटणाऱ्या खिट्टीचे असेल तर तेही साखळीत घ्यावे. चौकटीवर कोरलेला क्रमांक आणि सायकलचे छायाचित्र जवळ ठेवले तर हरवलेली सायकल आपली असल्याचे सिद्ध करता येते. अभ्यासक्रम संपल्यावर मालक गावी निघून जातात आणि गंजलेल्या सायकली वर्षानुवर्षे जागा अडवतात. वसतिगृहाने दरवर्षी बिल्ला देऊन नोंद ठेवली तर अशा बेवारस सायकली ओळखून, दुरुस्त करून नव्या विद्यार्थ्यांना देता येतात.

सामायिक सायकल

प्रत्येकाने सायकल विकत घ्यायलाच हवी असे नाही. पुण्यात एके काळी तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. त्याच कल्पनेचे नवे रूप म्हणजे मोबाइलवरून कुलूप उघडणारी सामायिक सायकल. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात २०१२ मध्ये ‘नम्म सायकल’ हा प्रयोग झाला. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंध भागात अशी योजना सुरू झाली, आणि पुढच्या काही महिन्यांत आणखी कंपन्या शहरात उतरल्या. सुरुवातीला प्रतिसाद भरघोस होता. काही वर्षांत योजना ओसरली.

अशा योजनांच्या अडचणी जगभर सारख्याच आढळतात. लोक उताराच्या दिशेने सायकल नेतात आणि चढ चढून परत आणत नाहीत, म्हणून सखल टोकाला ढीग साचतो आणि वरचे थांबे रिकामे पडतात. रोज टेम्पोने सायकली उचलून पुन्हा वाटाव्या लागतात, आणि हा खर्च अर्ध्या तासाच्या माफक भाड्यातून निघत नाही. ठरावीक थांबा नसलेल्या सायकली पदपथावर कुठेही सोडल्या जातात. मोडतोड आणि चोरीही होते. आवारापुरती योजना यातल्या बऱ्याच अडचणींवर मात करू शकते, कारण फाटके मोजकी असतात, वापरणारे ओळखपत्रधारक असतात आणि प्रवासाच्या दिशा तासिकांवरून आधीच सांगता येतात. दुरुस्तीसाठी पूर्णवेळ मेकॅनिक नेमलेला नसेल तर मात्र तिचेही आयुष्य थोडेच.

दोन आराखडे

आवाराची आखणी सायकलला कशी साथ देते याची दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिस येथील आवार सपाट खोऱ्यात आहे. १९६०च्या दशकात आवाराचा मध्यभाग खासगी मोटारींना बंद करण्यात आला. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, डेव्हिस शहराने रस्त्यांवर सायकलसाठी वेगळे पट्टे आखले; अमेरिकेतील अशा पहिल्या पट्ट्यांत त्यांची गणना होते. तासिका सुटल्या की एकाच वेळी हजारो सायकली चौकांत येत. थांबण्याच्या पाटीने अशी गर्दी तुंबते, कारण प्रत्येकाला पाय टेकून पुन्हा वेग घ्यावा लागतो. म्हणून तिथे सायकलसाठी लहान वर्तुळाकार चौक बांधले गेले. सगळे एकाच दिशेने फिरतात, आत असलेल्याला आधी वाट मिळते आणि कोणाला पूर्ण थांबावे लागत नाही.

दुसरे उदाहरण कानपूरच्या आयआयटीचे. कोकणातील आचरे येथे जन्मलेले वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांनी १९६०च्या दशकात तिचा आराखडा केला. त्यांनी वर्ग, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय एका गाभ्यात जवळजवळ आणले, ते छायेच्या पायमार्गांनी जोडले आणि मोटारींचा रस्ता या गाभ्याबाहेर ठेवला. अशा आवारात वसतिगृहापासून गाभ्यापर्यंत सायकल आणि गाभ्यात पायी अशी विभागणी आपोआप होते. गणेशखिंडीसारख्या जुन्या, विखुरलेल्या आवारात इमारती हलवता येत नाहीत. पण गाड्या कुठपर्यंत येऊ द्यायच्या हे ठरवता येते. वाहनतळ फाटकाजवळ नेणे हा त्यातला सर्वांत परिणामकारक निर्णय, कारण मग गाडीवाल्यालाही उरलेल्या किलोमीटरभरासाठी दुसरे साधन शोधावे लागते.

फाटकाबाहेर

आवाराच्या आत सायकल सुरक्षित असली तरी शहरातून येणाऱ्यासाठी खरी परीक्षा फाटकाबाहेर असते. पुणे विद्यापीठासमोरच्या चौकात गणेशखिंड रस्ता, औंध, बाणेर आणि पाषाणकडचे रस्ते तसेच सेनापती बापट रस्ता एकत्र येतात. इथला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडण्यात आला आणि त्या जागी मेट्रो व वाहने दोन्ही वाहून नेणाऱ्या दुमजली पुलाचे काम सुरू झाले. अशा चौकात सरळ जाणाऱ्या सायकलला डावीकडे वळणाऱ्या बसचा आणि उजवीकडे वळू पाहणाऱ्या सायकलला सगळ्याच वाहनांचा धोका असतो. उजवीकडे जायचे असेल तर रांगा छेदत मध्यभागी जाण्यापेक्षा आधी सरळ पलीकडे जावे, तिथे थांबून दिशा बदलावी आणि पुढच्या हिरव्या दिव्याला ओलांडावे. घाई नसलेल्याने उतरून पादचारी पट्ट्यावरून सायकल हाताने नेणे सर्वांत निर्धोक.

चौक टाळण्याचाही मार्ग असतो. मोठ्या आवाराला एकाहून अधिक फाटके असतात, आणि खडकीच्या अंगाने येणाऱ्याला मुख्य चौकात येण्याची गरज पडत नाही. मागची फाटके दिवसभर सायकल आणि पादचाऱ्यांसाठी उघडी ठेवली तर कसलेही बांधकाम न करता प्रवासाचे अंतर घटते. दूरच्या उपनगरातून येणाऱ्याने सबंध वाट सायकलने तुडवावी अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. फाटकापर्यंत बसने, आणि हिंजवडी ते शिवाजीनगर हा सुमारे २३ किलोमीटरचा उन्नत मार्ग धावू लागला की मेट्रोने यावे, आणि तिथून पुढे आवारातल्या सायकलने जावे, अशी सांगड जास्त व्यवहार्य आहे. त्यासाठी फाटकाशी छप्पर असलेला, राखणदार असलेला स्टँड हवा, कारण रात्रभर सुरक्षित राहील अशी खात्री असल्याशिवाय कोणी आपली सायकल तिथे ठेवणार नाही.

सायकल वापरण्याचा निर्णय विद्यार्थी स्वतः घेतो, पण त्याला तो परवडेल की नाही हे विद्यापीठाच्या चार-पाच साध्या निर्णयांवर ठरते: फाटके कोणाला उघडी, गाड्या कुठवर, स्टँड कुठे, दिवे किती आणि दुरुस्ती कोणाकडे. यातल्या एकाही कामाला मोठा निधी लागत नाही. बांधायचे असलेच तर सर्वांत आधी विभागांच्या दारांशी छपराचे स्टँड बांधावेत, मग रस्त्यांवर दिवे लावावेत, आणि वेगळ्या सायकल मार्गाचा विचार जिथे गाड्यांची गर्दी खरोखरच टाळता येत नाही तेवढ्याच रस्त्यांसाठी करावा.